न्यू जर्सीहून आलेला फोन आणि गिरगावातलं सिम

गिरगावात ठाकूरद्वारजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आणि मे महिना, हे आमच्याकडे परदेशी फोनचे दिवस. मुलं, भाचे, जावई येऊन जातात आणि मागे फोन ठेवून जातात. त्यातले बरेच नीट चालतात. जे चालत नाहीत त्यांची कारणं निरनिराळी असतात, पण घरचे लोक सगळ्याला एकच वाक्य लावतात : "बाहेरचा फोन आहे ना, इथे चालत नाही." हे वाक्य चुकीचं आहे आणि त्यापायी माणसं हकनाक पैसे घालवतात. म्हणून एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय. ज्यांचं आहे त्या काकूंना विचारलं आहे. नाव लिहू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या.

काकू एकाहत्तर वर्षांच्या. आमच्याच वाडीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. यजमान पश्चिम रेल्वेत होते, त्यांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मुलगा न्यू जर्सीत. तो शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होता, म्हणून मी त्याला दादा म्हणतो.

२०२३ च्या दिवाळीला दादा आला. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, तो तीन दिवस आधी आला आणि १९ तारखेला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या रात्री, परत गेला. त्याच्याकडे वर्षभर वापरलेला आयफोन १४ होता. तो जाताना आईला द्यायचा हे त्याने तिकडूनच ठरवलेलं. काकूंच्या जुन्या अँड्रॉइडवर व्हिडिओ कॉल लावला की नातीचा चेहरा मध्येच थिजायचा आणि आवाज तेवढा पुढे जात राहायचा. दहा दिवस तो आयफोन दादाच्या खिशात होता, मुंबईभर फिरला, सगळीकडे उत्तम रेंज. स्क्रीनवर इथल्याच कंपनीचं नाव दिसत होतं. शेवटच्या संध्याकाळी त्याने आपली अमेरिकन लाइन सोबत आणलेल्या नव्या फोनवर घेतली, हा फोन पुसून कोरा केला, आईच्या नावाने ॲपल आयडी काढून दिला. नंबर बदलून द्यायचं काम शेजारच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलावर सोपवलं आणि तो विमानतळावर गेला.

सोमवारी त्या मुलाने काकूंचं सिम काढलं आणि नव्या फोनमध्ये घालायला गेला, तर फोनला ट्रेच नाही. त्याने शोधलं, वाचलं, ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, हाताने घालावं-काढावं न लागणारं सिम, करायचं असतं हे त्याला कळलं. सिम पुन्हा जुन्या फोनमध्ये घालून त्याने कंपनीला मेसेज पाठवला, नव्या फोनचा ओळख क्रमांक दिला, "हो" कळवलं. थोड्या वेळाने जुन्या फोनची रेंज गेली, म्हणजे जुनं सिम बंद झालं. मग आलेला क्यूआर कोड त्याने आयफोनवर स्कॅन केला आणि आयफोनने सांगितलं की या कंपनीचा प्लॅन या फोनवर घेता येणार नाही. त्याने चार वेळा करून पाहिलं. रात्री साडेदहाला काकूंकडे दोन फोन होते आणि नंबर एकाही फोनवर चालत नव्हता. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याच्या जागी मी असतो आणि फोन आधी तपासला नसता तर माझंही असंच झालं असतं.

मंगळवारी सकाळी मी दुकानात उदबत्ती लावत होतो तेवढ्यात काकू आल्या. कापडी पिशवीतून दोन्ही फोन काढून काउंटरवर ठेवले. आयफोन अजून मऊ रुमालात गुंडाळलेला होता. पदराची सेफ्टी पिन काढून त्यांनी हातात धरली होती. "अरे, सिमचं भोक कुठे आहे ते बघ रे. तो म्हणतो नाहीच आहे. असं कसं नसेल?" आणि त्या फोनच्या डाव्या कडेवरून नखाने चाचपत राहिल्या. आवाजाच्या बटणांखाली, जिथे इथल्या आयफोन १४ ला ट्रे असतो, तिथे कड सपाट, गुळगुळीत.

खरंच नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम. तोच फोन भारतात विकला गेला तर त्याला ट्रे असतो. हाँगकाँग किंवा चीनमधून आलेल्या आयफोन १४ मध्ये दोन खरी सिमं बसतात. बाहेरून फोन एकच दिसतो. मॉडेल नंबर बघितला, ए२६४९ होता, म्हणजे अमेरिकेचाच.

पण ट्रे नसणं हा अडथळा नव्हता. आपल्या मोठ्या कंपन्या ई-सिम देतात. अडलं होतं दुसरीकडे. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि तिथे खाली सरकत गेलं की 'कॅरियर लॉक', म्हणजे फोन एकाच मोबाइल कंपनीला बांधणारं कुलूप, अशी ओळ येते. कुलूप नसेल तर तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलेलं असतं. काकूंच्या फोनवर होतं 'सिम लॉक्ड'.

सगळ्यांना चकवलं ते त्या दहा दिवसांच्या रेंजने. काकूही तेच म्हणाल्या, "अरे, पण त्याच्याकडे इथे चालत होता की!" चालत होता, कारण आत लाइन अमेरिकन कंपनीचीच होती. रोमिंगमध्ये इथली कंपनी त्या परदेशी कंपनीच्या वतीने तेवढ्यापुरती सेवा देते. कुलूप सिम कोणाचं आहे एवढंच पाहतं, टॉवर कोणाचा आहे हे त्याला विचारायचंच नसतं. त्यामुळे कुलूप लागलेला फोन घेऊन तुम्ही कफ परेडपासून बोरिवलीपर्यंत फिरा, रेंज पूर्ण दाखवेल. इथलं सिम देऊन बघेपर्यंत काही कळणार नाही. परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला मी ही एवढी एक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस थबकतो.

बँडचा, म्हणजे फोन लहरींच्या कुठल्या पट्ट्यांवर चालतो याचा, प्रश्नही तपासून टाकला, कारण तो लोक पहिल्यांदा विचारतात. भारतात ४जी मुख्यतः १८००, २३००, ८५० मेगाहर्ट्झ वगैरे पट्ट्यांवर चालतं, ५जी प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, जिओचं ७०० वरही. आयफोन १४ मध्ये हे सगळे आहेत. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, तिथे साधा कॉलही ४जीवरूनच जातो, म्हणून जुन्या किंवा कमी प्रसिद्ध परदेशी फोनवर इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही असं होऊ शकतं. या फोनला त्यातलं काही नव्हतं. कस्टमचाही प्रश्न नव्हता. वापरलेला, खिशातला फोन होता. कोरा, सीलबंद डबा आणला असता तर तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार ५०,००० रुपयांच्या सवलतीत तो मोजला गेला असता आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क बसलं असतं.

मी काकूंना म्हटलं, आधी नंबर परत आणू, फोनचं नंतर बघू. कारण नंबर म्हणजे त्यांची बँक, गॅस, निवृत्तिवेतन, सगळंच. नोव्हेंबर महिना, हयातीचा दाखला द्यायचा होता. दाखला बँकेत जाऊनही देता येतो, पण बँक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि काकूंचे गुडघे ऐकत नाहीत.

दुपारी आम्ही दोघं मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या दुकानात, गेलो. आधार कार्ड, फोटो, बोटांचे ठसे. ठसे तीन वेळा उमटले नाहीत, चौथ्यांदा अंगठा पदराला घासून ठेवला तेव्हा उमटला. नवं प्लास्टिकचं सिम मिळालं आणि ते जुन्या अँड्रॉइडमध्ये घातलं. कॉल लगेच सुरू झाले, मेसेज मात्र नाहीत. सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद ठेवायचे असा नियम आहे. कोणी तुमच्या नावाने सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नयेत म्हणून केलेला, आणि तो योग्यच आहे. पण बुधवारी सकाळी सिलिंडरवाला दारात उभा राहिला आणि कोड मागू लागला. गेली कित्येक वर्षं तोच येतो, काकूंना आजी म्हणतो. तरी कोडशिवाय सिलिंडर देता येईना. "आजी, दुपारी येतो परत," म्हणाला आणि खांद्यावरचं सिलिंडर तसंच घेऊन दोन मजले उतरला. हे काकूंना फार लागलं. फोन चालत नाही याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमारास मेसेज सुरू झाले आणि तो खरंच परत आला.

आता कुलूप.

अमेरिकेत बऱ्याच मोबाइल कंपन्या फोन हप्त्यांवर देतात आणि पैसे फिटेपर्यंत तो आपल्याच सिमवर चालेल अशी व्यवस्था करतात. जुन्या मुंबईकरांना हे समजावणं सोपं जातं. २००३ साली रिलायन्सचा ५०१ रुपये भरून मिळणारा फोन आठवा. त्यात सिम काढायची सोयच नव्हती, फोन आणि कंपनी एकच. काकूंना लगेच आठवलं, त्यांच्या यजमानांकडे होता तो. पुढे आपल्याकडे फोन वेगळा आणि सिम वेगळं हीच रीत पडली, म्हणून कुलूप ही कल्पनाच आपल्या डोक्यात येत नाही. सगळ्या जगात असं नाही. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून कुलूप लावलेले फोन विकणं बंद केलं, जपानने ऑक्टोबर २०२१ पासून, ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून. तिथून आलेल्या त्यानंतरच्या फोनबद्दल मी हा प्रश्न शेवटी विचारतो. अमेरिकेहून आलेल्या फोनबद्दल पहिल्यांदा.

हे कुलूप फोनच्या आत नसतं, हे नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी नंबर असतो, *#०६# दाबलं की दिसतो. त्या नंबरासमोर 'हा अमुक कंपनीला बांधलेला' अशी नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते आणि फोन चालू करताना ती नोंद विचारतो. नोंद बदलायला सांगण्याचा अधिकार फक्त त्या मोबाइल कंपनीला. म्हणून मी काही करू शकत नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये बीकेसीत उघडलेलं ॲपलचं दुकानही करू शकत नाही. काकूंचा भाचा तिथे जायला निघाला होता, त्याला थांबवलं.

त्याच भाच्याला कोणीतरी चार हजारांत "आयएमईआयवरून खोलून देतो" असं सांगितलं होतं. असे पैसे देऊन बसलेली माणसं माझ्याकडे येतात आणि त्यांना तोंडावर काही बोलणं मला जमत नाही, इतकं वाईट वाटतं. पूर्वी कुलूपबंद आयफोनमध्ये सिमखाली कागदासारखी पातळ चिप घालून फोनला चकवत. ॲपलचं अपडेट आलं की ती बंद पडायची. आणि ट्रेच नसलेल्या फोनमध्ये ती ठेवणार कुठे? आयएमईआयच बदलून देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये, तो २०१७ च्या नियमांपासून सरळ गुन्हा आहे.

बुधवारी रात्री साडेनऊला दादाला फोन लावला, तिकडे सकाळचे अकरा. तो आधी मानायलाच तयार नाही. "अरे, तो तर मला फुकट मिळालाय." हे 'फुकट' उलगडायला अर्धा तास गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने ७९९ डॉलरचा फोन ३६ हप्त्यांवर घेतला होता, महिन्याला २२ डॉलर १९ सेंट. जुना फोन दिल्याबद्दल कंपनी तेवढीच रक्कम दर महिन्याच्या बिलातून वजा करत होती. म्हणून फुकट वाटत होता. पण हप्ते चालूच होते, २४ बाकी, आणि ते फिटेपर्यंत कुलूप निघणार नव्हतं. उरलेले ५३३ डॉलर एकदम भरले तर पुढची वजावट बंद. म्हणजे हे पैसे खरेच त्याच्या खिशातून जाणार, तेव्हाच्या दराने सुमारे ४४ हजार रुपये. कुठल्याच कंपनीला न बांधलेला तोच फोन त्या वेळी ८२९ डॉलरना मिळत होता. दादाने तो फरक बघितलाही नव्हता. बघितला असता तरी तेव्हा फोन स्वतःसाठी होता, आईसाठी नव्हे. त्याला दोष द्यावा असं यात काही नाही.

मी त्याला दुसरी वाटही सांगितली. कुलूप असलं तरी वायफायवर सगळं चालतं. काकूंकडे ब्रॉडबँड आहे, जुन्या फोनवर ओटीपी घेऊन आयफोनवर व्हॉट्सॲप लावता येतं. घरात बसून नातीला बघायचं तर एक पैसा खर्च करायची गरज नाही. दोन वर्षांनी हप्ते संपतील तेव्हा कुलूप आपसूक काढता येईल. माझं प्रामाणिक मत तेच होतं. दादालाही पटत आलं होतं. काकू बाजूला बसून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मे महिन्यात मी गुहागरला असते. तिथे कुठलं वायफाय?" दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भरतो."

त्याने त्याच दिवशी पैसे भरले आणि कुलूप काढायची विनंती टाकली. दोन कामकाजाचे दिवस लागतील असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी, मग शनिवार-रविवार. या विनंतीत एक गोष्ट महत्त्वाची : ती खातेदारालाच करता येते. खातं दादाच्या नावाचं आणि चालू होतं, म्हणून निभावलं. दुसऱ्याच्या हातून घेतलेला, मूळ मालकाचा पत्ता नसलेला अमेरिकन फोन असता तर इथून पुढे रस्ताच नव्हता.

मंगळवारी, २८ तारखेला सकाळी काकू पुन्हा आल्या, फोन त्याच रुमालात. दुकानाच्या वायफायवर जोडला, बंद करून चालू केला, अबाउट उघडलं. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स'. काकूंनी चष्मा पुढे ओढून ती ओळ वाचली आणि मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "काकू, आता हा तुमचा."

यानंतर दादाचं आणि माझं जमलं नाही. त्याचं म्हणणं, आता नंबर ई-सिमवर घे आणि जुना फोन टाकून दे, आईला दोन फोन कशाला? बाकी कोणी म्हणालं असतं तर मी करून दिलं असतं. काकूंसाठी मी नको म्हटलं. खरं सिम असलं की फोन पडला, भिजला, बॅटरी गेली, तरी शेजारचा कोणीही ते काढून आपल्या फोनमध्ये घालतो आणि दोन मिनिटांत ओटीपी येतो. ई-सिमला हे करता येत नाही. फोन मेला तर पुन्हा गॅलरी, पुन्हा आधार, पुन्हा अंगठा उमटेपर्यंत उभं राहणं आणि पुन्हा चोवीस तास. एकाहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या बाईचं निवृत्तिवेतन मी काचेच्या त्या एका तुकड्यावर टांगणार नाही, असं मी त्याला सांगितलं. आवाज थोडा चढलाही माझा. शेवटी काकूंच्या नावावर दुसरा नवा नंबर घेतला, तोच आयफोनवर ई-सिम म्हणून टाकला, इंटरनेट आणि व्हिडिओ कॉलपुरता. जुना नंबर जुन्या फोनमध्ये, तो फोन देवघराच्या बाजूच्या फळीवर, कायम चार्जिंगला. दोन रिचार्ज पडतात, हा तोटा आहेच, आणि दादाला तो अजून खटकतो.

२९ तारखेला हयातीचा दाखला माझ्या दुकानातल्या अँड्रॉइडवर चेहरा दाखवून केला. ओटीपी काकूंच्या जुन्या नंबरावर आला. त्यांनी तो जुना फोन फळीवरून उचलून पिशवीतून आणला होता, चार्जरसकट.

मे २०२४ मध्ये गुहागरहून त्यांचा मला व्हिडिओ कॉल आला. मागे माड, वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं, चित्र मात्र थिजलं नाही. त्या वर्षी गणपतीच्या आधी दादाचा मेसेज आला. त्याचा एक मित्र डोंबिवलीला वडिलांसाठी फोन घेऊन निघणार होता. मेसेजमध्ये शब्द एकही नव्हता, फक्त त्या फोनच्या अबाउट पानाचा फोटो, आणि 'कॅरियर लॉक'च्या ओळीभोवती बोटाने काढलेलं लाल वर्तुळ. आत 'सिम लॉक्ड' होतं. मी लगेच फोन केला. मित्राला विमानात बसायला अजून नऊ दिवस होते.